दुकानातच लेन्स टिंट करायच्या तर रंग कोणते आणि मशीन कोणतं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. धायरीला तुमचं आणि भावाचं ऑप्टिकलचं दुकान आहे, टिंटचे जॉब पेठेतल्या लॅबला पाठवता, यायला चार-पाच दिवस लागतात आणि आले तरी शेड कधी वेगळीच, म्हणून आता टिंटिंग दुकानातच सुरू करायचंय. तर रंग कोणकोणते घ्यावेत, मशीन किती टँकचं, म्हणजे रंगाच्या किती भांड्यांचं घ्यावं, मशीनऐवजी इंडक्शनवर पातेलं ठेवून भागेल का, आणि एकच काच, म्हणजे चष्म्याची एकच लेन्स, फुटली तर नवीन काच जुनीच्या शेडला जुळवता येते का, असे चार प्रश्न. चारही रास्त आहेत, पण त्यांच्या आधीचा एक राहिलाय. तुमच्याकडे टिंटला येणारी लेन्स कुठली असते? रंग न् मशीन सगळं त्याच्यावर ठरतं, म्हणून आधी तेच घेतो. मी आधी लॅबमध्ये आणि आता स्वतःच्या दुकानात, कर्वे रोडच्या बाजूला, हेच काम करतोय, त्यामुळे जे लिहितोय ते त्या अनुभवातून. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

टिंट म्हणजे काय, तर डिस्पर्स डाय प्रकारचे रंग गरम पाण्यात असतात, प्लास्टिकची लेन्स त्यात बुडवली की उष्णतेने तिचा पृष्ठभाग जरा सैल होतो आणि रंगाचे कण अगदी वरच्या पातळ थरात शिरतात, दोन्ही बाजूंनी. आतपर्यंत काही जात नाही. याचा एक मोठा फायदा असा की नंबर जास्त असला तरी शेड मधे आणि कडेला सारखीच दिसते. जुन्या काळच्या रंगीत काचेच्या लेन्समध्ये रंग काचेतच वितळवलेला असायचा, त्यामुळे मायनस सहाच्या लेन्सची कड काळी आणि मधला भाग फिका दिसायचा. अजूनही कोणी आजोबा क्रुक्सची, म्हणजे तसलीच जुनी रंगीत काच मागायला येतात, तर ती भानगड टँकमध्ये होत नाही हे त्यांना आधीच सांगून टाका. काच रंग पीत नाही.

प्लास्टिकमध्ये सगळ्यात गुणी म्हणजे सीआर-३९, आपली साधी १.५० इंडेक्सची (इंडेक्सचा आकडा जितका मोठा तितकी लेन्स पातळ). रंग पटकन आणि सारखा घेते, डार्कही होते. ट्रायवेक्सपण छान घेते, कधीकधी जरा जास्तच पटकन, नजर हटली की गडद. १.५६ मात्र कंपनीगणिक वेगळी वागते, काही बरी घेते तर काही अर्धा तास ठेवली तरी ढिम्म, तेव्हा त्यात एकाच कंपनीचा माल धरून ठेवा. १.६० ला सीआर-३९ पेक्षा बराच जास्त वेळ लागतो, १.६७ ला त्याहून जास्त आणि डार्क सनग्लासची शेड गाठताना घाम फुटतो, आणि १.७४ च्या नादी दुकानात लागूच नका. पॉलिकार्बोनेट स्वतः रंग घेतच नाही. त्याच्यावरचं हार्ड कोट, म्हणजे ओरखडे टाळणारा थर, जर टिंटेबल असेल तर ते कोट रंग घेतं, म्हणजे हलकी ते मध्यम शेड मिळते, काळा गॉगल करून मागितला तर नाही जमणार.

आता कोटिंग. इथेच निम्मे जॉब अडकतात. एआरसी म्हणजे अँटिरिफ्लेक्शन असलेली लेन्स टिंट होत नाही, ब्लू कट कोटिंगवालीपण नाही, ते कोट रंगाला आत जाऊच देत नाही आणि गरम पाण्यात घातलं की कोटला बारीक तडे जातात, कोळ्याच्या जाळ्यासारखे, मग कस्टमरची चांगली लेन्स तुमच्या गळ्यात. हार्ड कोटमध्ये टिंटेबल आणि नॉन-टिंटेबल असे दोन प्रकार असतात, होलसेलरला स्पष्ट विचारून बिलावर लिहून घ्या, कारण लेन्स हातात धरून ते कळत नाही. फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणारी, आणि पोलराइज्ड मी टँकमध्ये घालत नाही, पोलराइज्डच्या आत फिल्म असते आणि उष्णतेने थर सुटायची भीती असते. म्हणजे दुकानातल्या टिंटिंगसाठी खरा कच्चा माल कोणता, तर यूसी लेन्स, अनकोटेड, नाहीतर टिंटेबल एचसी, म्हणजे हार्ड कोट.

आणि म्हणूनच मी पुढचं रोखठोक सांगतो. तुमच्या कस्टमरला टिंटही पाहिजे आणि एआरसीपण पाहिजे, तर ते काम लॅबचंच आहे, कारण टिंट आधी होतो आणि कोटिंग नंतर चढतं, आणि कोटिंगचं व्हॅक्यूम मशीन काय तुम्ही-आम्ही दुकानात ठेवणार नाही. एक महिनाभर वहीत लिहा, आलेल्या टिंटच्या जॉबपैकी किती यूसीवर करता आले असते. आठवड्याला दोन-तीनच निघाले तर मशीन घेऊ नका, लॅब बदला. बरेच निघाले, म्हणजे दुचाकीवर फिरणाऱ्यांचे नंबरचे गॉगल, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उजेड सहन न होणारे आजी-आजोबा, एफसी रोडवर मिरवायला गुलाबी-निळ्या हलक्या शेड मागणारी कॉलेजची पोरं, तर मशीन स्वतःचा खर्च काढतं, आणि आज संध्याकाळी घेऊन जा म्हणता येतं हे वेगळंच.

मशीनचं बोलू. टिंटिंग मशीन म्हणजे आत एक मोठा टब, त्यात उष्णता पसरवणारं लिक्विड, त्या लिक्विडमध्ये स्टीलची उभट भांडी आणि भांड्यांत रंग. दोन टँकपासून आठ-दहा टँकपर्यंत मिळतात. दोन टँकचं अजिबात घेऊ नका, कारण एकात ब्राऊन आणि एकात ग्रे भरला की शेड सुधारायला जागाच उरत नाही. माझ्या मते चार हे कमीत कमी, आणि परवडत असेल तर सहा. कुठे पैसे घालायचे तर टेंपरेचर कंट्रोलरमध्ये. बाकी बॉडी चकचकीत आहे, टायमर डिजिटल आहे, याला महत्त्व नाही. झाकणं घट्ट बसतात का बघा, भांडी बाहेर काढून धुता येतात का बघा, आणि वायरिंग १६ अँपिअरच्या पॉइंटवर स्वतंत्र घ्या, अर्थिंग तपासून. पाणी आणि हीटर एकत्र आहेत, तिथे कंजूषपणा नको.

एक गोष्ट मशीन विकणारे सांगत नाहीत. पुढच्या डिस्प्लेवर जो आकडा दिसतो तो बऱ्याच मशीनमध्ये बाहेरच्या लिक्विडचा असतो, भांड्यातल्या रंगाचा नसतो, आणि दोन्हीत चांगलाच फरक असतो. आपल्याला रंग साधारण ९३ ते ९६ अंशांवर पाहिजे. म्हणून एक साधा प्रोब थर्मामीटर घ्या आणि सरळ रंगात बुडवून मोजा. पुण्यात अजून एक गंमत आहे, आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, त्यामुळे इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. म्हणजे लागणारं टेंपरेचर आणि उकळी यांच्यात दोन-तीन अंशांचीच जागा. मुंबईवाल्याने सांगितलेलं सेटिंग जसंच्या तसं लावलं तर इथे टँक खदखदायला लागतो, आणि उकळलेल्या रंगाला फेस येतो, कण गोळा होतात आणि लेन्सवर ठिपके बसतात. उलट थंड राहिला, समजा ८५ वर, तर रंग चढायला वेळ लागतो आणि मिश्र रंगातला एक घटक मागे राहून शेडच फिरते.

इंडक्शन आणि पातेल्याचं विचारलंत. होतं. म्हणजे मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचा उभा डबा, डब्यात रंग, असं करून लेन्स रंगते, सुरुवातीला हात बसवायला मी लोकांना हेच सांगतो, चार खराब झालेल्या यूसी लेन्स घ्या आणि रंगवून बघा. पण इंडक्शन मधेमधे बंद-चालू होत राहतं, टेंपरेचर वरखाली होतं, आणि आजची शेड उद्या परत येत नाही. बाहेरच्या पातेल्यात पाणी असलं की आतला डबा ९५ ला पोचताना रडतो, कारण बाहेरचं पाणी ९८ च्या वर जाणारच नाही. शिकायला ठीक, कस्टमरच्या जॉबला नाही. आणि ती भांडी परत स्वयंपाकघरात जाता कामा नयेत, हे घरच्यांना निक्षून सांगा.

पाणी. रंग कालवायला डिस्टिल्ड किंवा चांगलं आरओचं पाणी वापरा. धायरी-नऱ्हेकडे बोअर आणि टँकरचं पाणी किती जड असतं ते तुमच्या गिझरला विचारा. क्षारांमुळे रंग फाटतो, तळाला बसतो. शिवाय महापालिकेचं पाणी गुरुवारी बंद असायची आपल्याकडे सवयच आहे, तेव्हा लेन्स धुवायला वेगळी बादली भरलेली असू द्या. टँकमधलं पाणी वाफेने कमी होतं, तिथे गरम डिस्टिल्ड पाणीच घालायचं, रंग घालायचा नाही. रस्सा आटला की आपण पाणी वाढवतो, मसाला नाही, तसंच. नवीन लोक रंगाची बाटली ओततात आणि मग टँक इतका दाट होतो की हलकी शेड निघेनाशी होते.

आता रंग. कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये इतके रंग असतात की बघूनच मोह होतो. बीपीआय ही मायामीची कंपनी या धंद्यातलं जुनं नाव, आणि इतरही आहेत, पण कुठलीही एकच कंपनी धरा आणि तिच्यावरच राहा. दोन कंपन्यांचे रंग एका टँकमध्ये मिसळू नका, त्यांचे रंग पाण्यात धरून ठेवणारे पदार्थ वेगळे असतात. माझ्या हिशोबाने पहिल्या खरेदीत सहा बाटल्या पुरतात: ब्राऊन, ग्रे, जी-१५ सारखा ग्रे-ग्रीन, आणि लाल, पिवळा, निळा. पहिले तीन रोजच्या कमाईचे, पुढचे तीन दुरुस्तीचे आणि फॅशनचे. गुलाबी म्हणजे लालच, थोडा वेळ बुडवलेला. जांभळा लाल आणि निळ्यातून, केशरी लाल आणि पिवळ्यातून. नंतर यूव्हीचं सोल्युशन आणि न्यूट्रलायझर, म्हणजे रंग उतरवणारं. चार टँकच्या मशीनमध्ये ब्राऊन, ग्रे, न्यूट्रलायझर आणि चौथं भांडं कामाप्रमाणे बदलायचं, सहा असतील तर लाल आणि निळा कायम भरून ठेवता येतात. पिवळा रोज लागत नाही.

ब्राऊन का ग्रे, हे कस्टमरवर. ग्रेमध्ये रंग आहेत तसेच दिसतात, म्हणून गाडी चालवणाऱ्यांना, इलेक्ट्रिशियन-पेंटर अशा रंग ओळखायचं काम असणाऱ्यांना मी ग्रे सुचवतो. ब्राऊन निळा उजेड जास्त अडवतो म्हणून कॉन्ट्रास्ट वाढल्यासारखा वाटतो, ढगाळ हवेत, पावसाळ्यात सिंहगडावर जाणाऱ्यांना आवडतो. जी-१५ म्हणजे साधारण १५ टक्के उजेड आत सोडणारा करडा-हिरवा, रे-बॅनमुळे सगळ्यांना माहीत, मागणी कायम असते. पिवळा रात्रीच्या ड्रायव्हिंगला मागतात लोक, व्हॉट्सअॅपवर आलेलं असतं. देऊ नका. २०१९ साली जामा ऑप्थॅल्मॉलॉजी या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात समोरच्या गाडीचा प्रकाश असताना पिवळ्या लेन्सने पादचारी दिसायला काही फायदा झालेला आढळला नाही, आणि साधा विचार केला तरी रात्री आधीच उजेड कमी, त्यात आपण अजून कमी करायचा म्हणजे काय.

ग्रेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवीन माणूस रडतो तो ग्रेवरच. ग्रे हा एक रंग नाही, लाल, पिवळा, निळा यांचं मिश्रण आहे, आणि तिघं एकाच वेगाने लेन्समध्ये शिरत नाहीत. टँक जुना झाला, टेंपरेचर उतरलं, लेन्स दुसऱ्या कंपनीची आली, की ग्रे कधी हिरवट निघतो, कधी जांभळट. समजा ७५ टक्क्यांची, म्हणजे ७५ टक्के उजेड अडवणारी जोडी करताय. आधी लेन्स एजिंग करून, म्हणजे कड घासून फ्रेमच्या मापाची करून, फ्रेमला बसवून बघा आणि मगच रंगवा, कारण रंगवून मग घासली तर कडेला पांढरी रेघ दिसते. भांड्याच्या साबणाने धुवा, बोटांचे डाग राहिले तर तेच उमटतात. ओरखडा असेल तर लेन्स बाजूला ठेवा, ओरखड्यात रंग जास्त बसतो आणि आधी न दिसणारी रेघ नंतर ठसठशीत दिसते. दोन्ही लेन्स एकाच होल्डरमध्ये, स्प्रिंग फार न आवळता, नाहीतर गरम झालेली पातळ लेन्स वाकते. टँक तळापासून ढवळा, वर साय आली असेल तर टिश्यू फिरवून काढा, आणि बुडवा. ताज्या रंगात सीआर-३९ ची हलकी शेड दोन-पाच मिनिटांत होते, सनग्लासची डार्क पंधरा मिनिटं ते अर्धा तास. पण घड्याळावर विसंबू नका, मधेमधे काढून कोमट पाण्यात धुवायची, कोमटच, एकदम नळाच्या गार पाण्याखाली नाही, पुसायची आणि पांढऱ्या कागदावर ठेवून बघायची.

आता समजा कागदावर ती हिरवट दिसली. मग अजून ग्रेमध्ये घालत बसू नका, हिरवटपणा वाढेलच. लालच्या टँकमध्ये चार-पाच सेकंद बुडवा, धुवा, पुसा, बघा. लाल हिरव्याला मारतो, हिरवा लालला. पिवळट दिसली तर जांभळा मारतो, निळट दिसली तर केशरी, म्हणजे लाल-पिवळा. एवढंच गणित आहे, पण प्रत्येक बुडीला लेन्स थोडी गडद होते, म्हणून सुधारणा करायची असेल तर ठरलेल्या शेडच्या जरा अलीकडेच थांबायचं. ७५ पाहिजे तर ७० ला बाहेर काढून रंग तपासा. ब्राऊन बहुतेक वेळा लालसर होतो, त्याला हिरव्याची किंवा निळ्याची हलकी बुडी. हात बसला की हे काम दोन मिनिटांचं होतं.

बघायचं कुठे, हा प्रश्न रंगांइतकाच मोठा आहे. दुकानात पिवळट एलईडी असतील तर त्याखाली जुळलेली जोडी बाहेर उन्हात दोन वेगळ्या शेडची दिसते. तापकीर गल्लीत जाऊन ६५०० केल्विनची एक चांगली डेलाइट ट्यूब आणा, टेबलावर पांढरा अॅक्रिलिक शीट, वर ती ट्यूब, झाला लाइट बॉक्स. दिवसा दारात जाऊन सावलीतल्या उजेडात एकदा बघायचं ते वेगळं. आणि टिंटिंग ज्याच्या हाती द्याल त्याची इशिहाराच्या, म्हणजे रंगांधळेपणा तपासायच्या पुस्तकावर तपासणी करा, पुस्तक तर तुमच्या दुकानात असणारच. लाल-हिरव्याचा दोष पुरुषांमध्ये बऱ्यापैकी आढळतो आणि असलेल्याला स्वतःलाच माहीत नसतं, मग ग्रे रोज हिरवा का येतो म्हणून तुम्ही रंगाच्या कंपनीला शिव्या घालत बसाल. भाऊ करणार असेल तर भावालाही बसवा पुस्तकासमोर.

टक्क्यांच्या भाषेत घोळ होतो तोही मिटवून टाका. आपल्या धंद्यात ८५ टक्के टिंट म्हणजे ८५ टक्के उजेड अडवला, १५ टक्के आत आला. आयएसओच्या गॉगलच्या मानकात हिशोब आत येणाऱ्या उजेडाचा असतो: ४३ ते ८० टक्के म्हणजे कॅटेगरी १, १८ ते ४३ म्हणजे २, ८ ते १८ म्हणजे ३ आणि ३ ते ८ म्हणजे ४. नेहमीचा डार्क गॉगल कॅटेगरी ३ मध्ये बसतो. कॅटेगरी ४ गाडी चालवायला चालत नाही, दिवसाही नाही. आणि ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड सोडणारी लेन्स रात्रीच्या ड्रायव्हिंगला योग्य धरत नाहीत, म्हणजे कॉलेजच्या पोरांची ती हलकी गुलाबी शेडसुद्धा काठावरच येते. डार्क टिंट देताना मी कस्टमरला एक्स्प्रेसवेच्या बोगद्याचं सांगतो, भर उन्हातून आत शिरलं की दोन क्षण काही दिसत नाही, तिथे काळा गॉगल असेल तर विचार करा. एक साधं ट्रान्समिशन मीटर घ्या, डोळ्याला ७० आणि ८० मधला फरक थकल्यावर कळत नाही. यूव्ही मोजणारं मिळालं तर तेच घ्या.

यूव्हीबद्दल दोन ओळी, पण त्या वगळू नका. रंग गडद झाला म्हणजे यूव्ही अडलं असं नाही. गडद लेन्समागे बाहुली मोठी होते आणि यूव्ही येतच राहिलं तर आत जास्त जातं. साधी सीआर-३९ सगळं यूव्ही अडवत नाही, साधारण ३५०-३६० नॅनोमीटरपर्यंतच अडवते, त्याच्या वरचा भाग ४०० पर्यंत राहतो. म्हणून सनग्लासच्या प्रत्येक सीआर-३९ जोडीला यूव्हीच्या टँकमध्ये आधी बुडवायचं, मग रंग. यूव्हीने लेन्सला पुसट पिवळी झाक येते, ती ग्रेमध्ये मिसळते, म्हणून क्रम उलटा केला तर जुळवलेली शेड बिघडते. पॉलिकार्बोनेटला हे लागत नाही, ते स्वतःच जवळजवळ सगळं अडवतं.

ग्रेडियंट, म्हणजे वर गडद खाली फिकट, याला मागणी चांगली आहे आणि मशीनवर लावायची मोटारची हलती दांडी वेगळी मिळते. लेन्स उलटी टांगायची, कपाळाकडची बाजू खाली, आणि दांडी तिला वरखाली करत राहते, त्यामुळे मधे रेघ न पडता रंग विरत जातो. दोन्ही लेन्स एकाच उंचीला लागल्या पाहिजेत, एजिंग झालेल्या लेन्सवर मार्करने आडवी रेघ मारून होल्डरमध्ये बसवा. हाताने करणारे आहेत, मीही केलंय, पण दिवसात दुसरी जोडी आली की हात दुखतो आणि एका लेन्सची कमान खाली येते. सुरुवातीला मोटार नको, मागणी बघून घ्या. प्रोग्रेसिव्हवर, म्हणजे वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर असलेल्या लेन्सवर, ग्रेडियंट करताना फिका भाग वाचायच्या जागेवर येतो का ते बघा, तिथे गडद आला तर कस्टमर दुसऱ्या दिवशी परत.

न्यूट्रलायझर जपून. गरम असतं, वास उग्र, खिडकी किंवा एक्झॉस्ट पाहिजेच, हातमोजे आणि गॉगल घालून काम. गडद झालेली सीआर-३९ जरा फिकट करायला उत्तम, पूर्ण उतरवायला तेवढा भरवशाचा नाही, हाय इंडेक्समध्ये तर काहीतरी झाक राहतेच. पॉलिकार्बोनेटला चालतो असं बाटलीवर लिहिलेलं नसेल तर त्यात घालू नका, तडे जातील. आणि संपलेला रंग, न्यूट्रलायझर बेसिनमध्ये ओतायचा नाही, कॅनमध्ये साठवा, पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट मागून घ्या आणि त्याप्रमाणे विल्हेवाट लावा. रंग कधी बदलायचा, तर जी शेड आधी पंधरा मिनिटांत व्हायची तिला पंचवीस-तीस लागायला लागली की. मधल्या काळात आठवड्याला एकदा पातळ मलमलच्या फडक्यातून गाळला तर ठिपके कमी येतात.

राहिला शेवटचा, एका काचेचा प्रश्न. जमतं, पण खात्री देऊ नका. नवीन लेन्स त्याच कंपनीची, त्याच मटेरियलची आणा. जुन्या काचेचा रंग उन्हाने थोडा उडालेला असतो, तिचे टक्के मीटरवर मोजा, नवीन लेन्स त्याच्या पाच टक्के आधी थांबवा आणि मग दोन्ही कागदावर शेजारी ठेवून बुडी-बुडीने जवळ आणा. हलकी ब्राऊन सहज जुळते, डार्क ग्रे जीव खाते, आणि ग्रेडियंटची एक काच असेल तर मी सरळ दोन्ही नव्या करा म्हणतो. जुनी काच नव्याबरोबर परत टँकमध्ये घालून दोघींना एकत्र गडद करायचा मोह होईल, पण वापरलेल्या लेन्सवर बारीक ओरखडे आणि चेहऱ्याचं तेल मुरलेलं असतं, ती डागाळण्याची शक्यता बरीच. तेवढं कस्टमरला आधी सांगून, जबाबदारी त्याच्यावर ठेवून, मगच हात लावा. पहिल्या महिन्यात फक्त सीआर-३९ यूसी आणि ब्राऊन-ग्रे एवढंच घ्या, बाकीचं लॅबला जाऊ द्या. ग्रे अडला तर लेन्स कुठल्या कंपनीची आणि रंगाचं टेंपरेचर किती होतं हे लिहून इथेच विचारा, बघतो.